खापरीचं बारसं

दिघेबाई गेल्या हे मला कोलाडच्या यमुनाबाईंच्या फोनवरून कळलं. "वामन, बाई गेली रे," एवढंच त्या बोलल्या. माझ्या हातात कुंचला होता आणि पुढ्यात गणपतीची दीड फुटी मूर्ती. तिचा एक डोळा झाला होता, दुसरा व्हायचा होता. आमच्या धंद्यात आखणी अर्धी टाकून उठत नाहीत. मी दुसरा डोळा पुरा केला, कुंचला धुतला आणि मग कारखान्याबाहेर जाऊन बसलो.

दिघेबाईंनी रोह्याच्या कॉलेजात आयुष्यभर प्राणिशास्त्र शिकवलं. गावात त्यांना बेडूकबाई म्हणत, तोंडावरसुद्धा. त्यांना त्याचं काही वाटत नसे. भाजीवालीने "बेडूकबाई, मेथी घ्या" म्हटलं तर त्या मेथीची जुडी उलटीपालटी करून बघत आणि म्हणत, "ह्यात निम्मी मेथी नाही, दुसरंच काहीतरी आहे." बहुतेक वेळा ते खरं निघे. वस्तू हातात आली की ती नक्की कोणती आणि तिच्यासारख्या दुसरीपासून वेगळी कशी, हे पाहिल्याशिवाय त्यांना राहवत नसे.

मी पेणचा. रामवाडीला आमचा गणपतीचा कारखाना आहे आणि मी डोळ्यांची आखणी करतो. बेडकांशी माझा संबंध यायचं काही कारण नव्हतं. एका मे महिन्यात, कामाच्या ऐन घाईत, एक ठेंगणी, सावळी बाई छत्री टेकत आत आली. मला वाटलं गिऱ्हाईक. त्या काही न बोलता माझ्यामागे स्टूल ओढून बसल्या ते तासभर. मी एक मूर्ती बाजूला ठेवली तेव्हा म्हणाल्या, "हिची डावी पापणी उजवीपेक्षा केसभर जाड झालीय. मुद्दाम केलीत?"

इतक्या वर्षांत ते कुणी पकडलं नव्हतं. मी म्हणालो, "नाही, चुकून."

"मग तुमचा हात पुरेसा बारीक आहे. चूकसुद्धा केसभरच होते." त्यांनी पिशवीतून भोकं पाडलेला एक प्लॅस्टिकचा डबा काढला. आत ओल्या पाल्यावर एक बेडूक बसला होता. "हा काढून द्याल? फोटोत ओल्या अंगावर उजेड चमकतो, बोटांमधला पडदा दिसत नाही. मला रेघ हवी."

मी दोन दिवसांनी चित्र दिलं. मला ते झकास वाटलं होतं. बाईंनी भिंग लावून पाहिलं आणि परत माझ्या हातात दिलं. "डावा पाय तुम्ही बघून काढलात. उजवा डाव्यावरून काढलात. उजव्या पायाचं एक बोट तुटलेलं आहे, ते तुम्ही त्याला परत दिलंत."

मी ओशाळलो. आमच्याकडे दोन्ही बाजू सारख्या येणं ही कारागिरी. बाई समजावत म्हणाल्या, "देव कसा असावा ते तुम्हाला ठाऊक असतं, म्हणून तुम्ही तसा काढता. बेडूक कसा असावा ते मला किंवा तुम्हाला ठाऊक नाही. तो आहे तेवढाच काढायचा." त्या दिवसापासून त्या मला वामनराव म्हणू लागल्या. गणपतीचा हंगाम संपला की, आणि पावसाळ्यात एखादी सुटी काढून, मी पॅसेंजर धरून रोह्याला जायचो आणि बाईंच्या प्रयोगशाळेत बसून बेडकांचे पाय काढायचो.

ती प्रयोगशाळा म्हणजे कॉलेजच्या मागच्या बाजूची एक लांबट खोली. लोणच्याच्या आणि मुरांब्याच्या धुतलेल्या बरण्यांतून स्पिरिटात बेडूक ठेवलेले. प्रत्येकाच्या पायाला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी, तिच्यावर पेन्सिलीने जागा, दिवस, वेळ. शाई स्पिरिटात विरघळते. खोलीत एक शब्द चालत नसे. कुणी "मला वाटतं हा..." असं सुरू केलं की बाई दाराकडे बोट दाखवत. "वाटतं तो शब्द चपलांपाशी ठेवून या." मोजमाप त्या तीनदा घेत. नाकाच्या टोकापासून ढुंगणापर्यंत, डोळ्याचा व्यास, दोन नाकपुड्यांमधलं अंतर, प्रत्येक बोट. तीन आकडे जुळले नाहीत तर चहा पिऊन पुन्हा तीनदा.

एक गोष्ट मात्र मला सुरुवातीला सोसत नसे. बेडकाचं नीट वर्णन करायचं तर काही बेडूक मारावेच लागतात. दातदुखीवरचं सुन्न करणारं मलम असतं, ते त्या बेडकाच्या पोटाला लावायच्या आणि तो शांत होईपर्यंत त्याच्यासमोर बसून राहायच्या. तेवढा वेळ खोलीत बोलणं नाही, चहा नाही. मी एकदा न राहवून विचारलं, "बाई, वाईट नाही वाटत?"

"वाटतं ना," त्या म्हणाल्या. त्यांनी स्वतः तो शब्द वापरलेला मी तेव्हा पहिल्यांदाच ऐकला. "माफी मागून त्याला काय मिळणार? मोजमाप नीट घ्यायचं. जेवढे लागतात त्याहून एकही जास्त घ्यायचा नाही."

कोलाडच्या पुढे आतल्या बाजूला एक जांभ्याचा माळ होता. त्याला वाघजाईचा माळ म्हणत. उन्हाळ्यात तापलेल्या तव्यासारखा काळा कातळ, पावसाळ्यात त्याच्या खळग्याखळग्यांतून पाणी आणि बोटभर गवत. पायथ्याला यमुनाबाईंचं घर. भाताची दोन खाचरं, भात कापल्यावर त्यातच वाल. त्या माळावर बाईंना एक बेडकी सापडली होती. खरं तर यमुनाबाईंनी दाखवली. बाई मोठ्या बेडकांचं काही पाहत होत्या, तेव्हा यमुनाबाई म्हणाल्या, "ती खापरी बघितली काय तुमी? कातळाच्या भोकात असते. जरा उभ्या ऱ्हावा, बोलेल."

ती अंगठ्याच्या पेराएवढी होती. फुटलेल्या खापरासारखा विटकरी रंग, पाठीवर बारीक सुरकुत्या, आणि मागचे पाय ताणले की जांघेत हळदीसारखा पिवळा रंग दिसे. हा पिवळा स्पिरिटात टाकल्यावर दिवसभरात उडून जाई. म्हणून मला कोलाडला नेत. यमुनाबाईंच्या पडवीत बसून, जिवंत बेडकी डब्यात समोर ठेवून, मी तो पिवळा कालवायचा. खापरीची मी सतरा चित्रं काढली. बाईंनी चार ठेवली.

ही बेडकी कुठल्याच पुस्तकात नव्हती. हे बाईंना दुसऱ्याच पावसाळ्यात ठाऊक झालं होतं, असं मला आज स्पष्ट दिसतं. पण त्या तसं म्हणत नसत. मानसी नावाची त्यांची एक जुनी विद्यार्थिनी बंगळूरला मोठ्या संस्थेत होती. ती दर वर्षी फोन करायची. बाई फोन मोठ्या आवाजावर ठेवत, म्हणून मलाही ऐकू येई.

"बाई, पेपर पाठवा आता. नाव द्या तिला."

"तिची पिल्लं अजून नीट पाहिली नाहीत, मानसी. एक पावसाळा जाऊ दे."

पुढच्या वर्षी पिल्लं पाहून झाली होती. मग मादीचे नमुने कमी होते. मग आवाजाचं रेकॉर्डिंग एकाच तापमानाचं होतं. एक पावसाळा, आणखी एक पावसाळा, असे नऊ गेले.

त्याचं कारण मला फार उशिरा कळलं. एका दुपारी कपाट आवरताना आतल्या बाजूला चिकटवलेला एक पिवळट कागद मी पाहिला. बाई मागून म्हणाल्या, "तो माझा पहिला पेपर." तरुणपणी त्यांनी घाटातल्या एका बेडकाला नाव दिलं होतं. कॉलेजात सत्कार झाला, आईने पेढे वाटले. दोन वर्षांनी परदेशातल्या एका म्हाताऱ्या शास्त्रज्ञाने लिहिलं की हा बेडूक शंभर वर्षांपूर्वीच एका साहेबाने नोंदवलेला आहे, त्याची बरणी तिकडच्या संग्रहालयात आहे. आधीचं नाव राहतं, नंतरचं रद्द होतं. बाईंचं नाव रद्द झालं.

"त्याची चूक नव्हती. त्याने बरोबरच केलं," त्या म्हणाल्या. "पण आईला सांगायचं राहून गेलं. ती शेवटपर्यंत पाहुण्यांना सांगायची, आमच्या मुलीने बेडूक शोधलाय. मी मान खाली घालून चहा देत राहायची."

दहाव्या वर्षी वाघजाईच्या माळावर चुन्याच्या खुणा पडल्या. भरावासाठी जांभा आणि मुरूम काढायचा होता. गावाने ना-हरकतीचा कागद दिला होता, सगळं रीतसर होतं. हरकत घ्यायला मुदत होती. बाईंनी अर्ज लिहिला, मी चित्रांची गुंडाळी घेतली आणि आम्ही कचेरीत गेलो. तिथले साहेब सभ्य होते. खुर्ची दिली, पाणी मागवलं. चित्रं बघून म्हणाले, "सुंदर. हे हाताने काढलंय?" मग पेन उचललं.

"बाई, ह्या बेडकाचं नाव काय लिहू?"

बाईंनी चित्रांच्या कडा सारख्या केल्या.

"म्हणजे शास्त्रीय नाव. संरक्षणाच्या यादीत असेल तर मला काही करता येईल. नाव द्या, मी वर पाठवतो."

"अजून ठेवलेलं नाही," बाई म्हणाल्या.

"मग हा नवीन आहे हे कुठे छापून आलंय का?"

"नाही."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. त्यांना खरोखर वाईट वाटलं असावं. "मग मी कशावर आधार ठेवू, बाई? उद्या मला कोणी विचारलं तर?"

मला आतून ओरडावंसं वाटलं, काहीही सांगा, कुठलंही लॅटिन नाव सांगा, ह्यांना काय कळणार आहे! बाईंना ते सुचलं नसेल असं नाही. त्यांनी चित्रं गोळा केली, गुंडाळीला दोरा बांधला आणि साहेबांना म्हणाल्या, "तुमचा प्रश्न बरोबर आहे."

बाहेर आल्यावर त्या कचेरीच्या पायरीवरच बसल्या. माणसं वळसा घालून जात होती. "वामनराव," त्या म्हणाल्या, "मी पुराव्याच्या मागे होते. सगळा पुरावा त्या माळावर होता आणि मला वाटलं माळ थांबेल."

त्या रात्रीपासून त्यांनी पेपर लिहायला घेतला. पण छापून यायला महिने लागतात. परीक्षक शंका काढतात, उत्तरं द्यावी लागतात. दिवाळीनंतर यंत्रं आली. आम्ही गेलो तेव्हा यमुनाबाई अंगणात उभ्या होत्या. त्यांनी बाईंकडे पाहिलं नाही.

"माजा पोरगा पण तिथं डंपरवर लागलाय, बाई," त्या म्हणाल्या. "तुमाला सांगायला तोंड नाय माजं."

बाई त्यांच्याजवळ गेल्या. "पगार वेळेवर देतात ना?"

"देतात."

"मग त्याला काही बोलू नका. त्याच्या हातात नव्हतं. माझ्या हातात होतं."

यमुनाबाईंनी कुडाच्या आडून एक टोपली आणली. खाली ओलं फडकं, वर फडकं. यंत्र लागायच्या आधी त्यांनी आणि सुनेने भोकाभोकातून हात घालून अकरा खापऱ्या काढल्या होत्या. यमुनाबाईंची बोटं सोलवटली होती. बाई त्या टोपलीकडे बघतच राहिल्या. मग त्यांनी यमुनाबाईंचा हात हातात घेतला आणि त्यांच्या बोटांना आपल्या पिशवीतलं मलम लावलं, एकेका बोटाला, नेहमीच्या काळजीने.

कॉलेजात मोठ्या घमेल्यांतून जांभ्याचे तुकडे रचून बाईंनी खापऱ्यांना घर केलं. वाळवी आणून घालायच्या, दिवसातून तीनदा पाणी शिंपडायच्या. खापऱ्या खात होत्या. पण पाऊस सुरू झाला तरी एकही नर बोलला नाही. बाई घमेल्यांपाशी खुर्ची टाकून वाचत बसत. मग एकेक जाऊ लागली. बाई प्रत्येकीच्या पायाला चिठ्ठी बांधत. श्रावणात शेवटची मादी गेली. तिच्या पोटात अंडी होती. त्या दिवशी मोजमाप घेताना तीन वेळा तीन वेगळे आकडे आले, आणि बाईंनी पट्टी खाली ठेवली. "उद्या घेऊ," म्हणाल्या. त्यांना काम उद्यावर टाकताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

माळाच्या जागी आता खोल खड्डे होते आणि त्यांत हिरवं पाणी. तिथे मोठे पिवळे बेडूक मजेत डरावत होते. बाईंनी काठावर उभं राहून त्यांचीही संख्या वहीत लिहिली. मला राग आला. "ह्यांची कशाला नोंद, बाई?"

"त्यांनी काय केलंय?" त्या म्हणाल्या.

भाद्रपदात परीक्षकांची पत्रं येऊन गेली, पेपर स्वीकारला गेला. राहिलं होतं ते नाव आणि एक वाक्य. वाक्याने त्यांना फार छळलं. मी गणपतीच्या गडबडीत होतो, तरी त्यांचा फोन आला. "वामनराव, तुमचं मराठी चांगलं आहे. 'ही बेडकी कातळाच्या भोकांत राहते' म्हणू की 'राहत असे' म्हणू?"

"इंग्रजीत लिहायचंय ना, बाई?"

"इंग्रजीतही हाच प्रश्न आहे."

शेवटी त्यांनी शेवटची कधी ऐकली तो दिवस लिहिला, आणि पुढे: त्यानंतर शोध घेतला, आढळली नाही. तेवढंच. "हे नक्की खरं आहे," म्हणाल्या.

नाव मात्र त्यांनी आधीच ठरवलं होतं. यमुनाबाईंचाच शब्द, खापरी, त्याला मागे लॅटिन शेपूट. पण शब्द ज्यांचा त्यांना विचारायला हवं. म्हणून गणपती उठल्यावर आम्ही कोलाडला गेलो. बाईंनी कागद काढून वाचून दाखवलं. यमुनाबाई साठवणीचे वाल निवडत होत्या. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "आता नाव ठेवून काय करायचाय, बाई? बारसं काय मेल्यावर करतात?"

त्यांच्या मनात टोचणं नव्हतं, त्या खरंच विचारत होत्या. बाईंनी कागदाची घडी घातली. मी काहीतरी बोलणार होतो. तेवढ्यात बाई त्यांच्याच बोलीत म्हणाल्या, "नाय करत, यमुनाबाई. चुकलं माजं."

यमुनाबाईंनी वालांचं सूप बाजूला सारलं. "ठेवा," त्या म्हणाल्या. "नाव तरी ऱ्हाऊ दे."

पेपर छापून आला. माझी चार चित्रं त्यात आहेत, जांघेतल्या पिवळ्यासकट. मानसीचा फोन आला, ती रडत होती. कॉलेजने सत्कार ठरवला, तो बाईंनी होऊ दिला नाही. ज्या एका नमुन्यावर नाव टेकलेलं असतं ती बेडकी त्यांनी पुण्याच्या संग्रहालयात स्वतः नेऊन दिली. एसटीने, बरणी मांडीवर घेऊन. मी सोबत गेलो होतो, येताना विचारलं, बरं वाटलं का. त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "तिकडे बरण्यांचं कपाट फार छान आहे."

पुढच्या वर्षी त्यांचं पोट दुखायला लागलं. दुखणं अंगावर काढायची सवय. पनवेलला ऑपरेशन झालं, पण उशीर झालेला होता. निम्म्या झाल्या. तरी पाऊस लागला तसा त्यांनी हट्ट धरला की कोलाडला न्या. मी एका ओळखीच्याची रिक्षा ठरवली आणि त्यांना उशीला टेकवून नेलं.

दुपार कलली होती. पाऊस नुकता थांबला होता, पागोळ्या गळत होत्या. माळाच्या बाजूला यंत्रं त्या दिवशी बंद होती. यमुनाबाईंनी पडवीत घोंगडी टाकली, बाईंना बसवलं, काळा चहा दिला. थोड्या वेळाने अंधारायच्या आत निघू म्हणून मी रिक्षा वळवून आणायला रस्त्यावर गेलो.

परत येत होतो, आणि कुंपणापाशी मला ती ऐकू आली. खापरी. दगडावर दगड हलकेच आपटावा तसे दोन ठोके, मग एक लांब, चरचरीत तान. नऊ पावसाळे ऐकलेला आवाज. मी चिखलातून धावत अंगणात आलो.

यमुनाबाई पडवीच्या कडेला उकिडव्या बसल्या होत्या. जीभ टाळूला लावून त्या आवाज काढत होत्या, तोंड माळाच्या दिशेला. मला बघून जरा लाजल्या. "ल्हानपणी आमी पोरी अशाच बोलवायचो त्यांना," त्या म्हणाल्या. "आपण बोलवलं की मंग ती जाब द्यायची."

बाईंनी हाताने मला गप्प राहा म्हणून खुणावलं. "पुन्हा एकदा," त्या यमुनाबाईंना म्हणाल्या.

यमुनाबाईंनी पुन्हा आवाज काढला. मग समोरच्याने बोलावं म्हणून आपण थांबतो, तशा त्या थांबल्या. दोघी माळाकडे तोंड करून बसून राहिल्या. मी अंगणात उभा होतो, रिक्षाचं इंजिन मागे चालू होतं, ते बंद करायला सांगावं असं मनात आलं, पण माझ्याच्याने हलवेना.